निरोप कोठें अडतो ?

चिंचपोकळीच्या आसमंतांत ज्या जागीं गिरण्यांचीं धुराडीं होतीं, तेथें आतां उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. आणि त्यांतील घरांतच नव्हे, तर जुन्या चाळींच्या खोल्यांतूनही तारेवांचून आज्ञा पाळणारीं यंत्रें येऊं लागलीं आहेत. दिवा, पंखा, गच्चीवरच्या टाकींतील पाण्याची पातळी सांगणारें यंत्र, आजारी माणसाच्या उशाशीं ठेवलेलें घंटेचें बटण, हीं सर्व एका नियंत्रकाशीं बोलत असतात. परंतु तीं कधीं ऐकतात आणि कधीं ऐकत नाहींत, अशी तक्रार वारंवार कानीं येते. अगदीं बंद पडलेलें यंत्र मनुष्य दुरुस्तीस नेतो. पण दहांतून एकदां चुकणारें यंत्र तसेंच चालू राहतें, व नेमकें निकडीच्या वेळीं दगा देतें. असला दोष पद्धतशीरपणें कसा शोधावा, तें प्रस्तुत लेखांत पाहूं.

आरंभीं एक तत्त्व ध्यानांत घ्यावें. भायखळा व करी रोड यांच्या मध्यें असलेल्या आपल्या स्थानकावरून जो लोहमार्ग जातो, तो १८५३ सालीं बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत सुरू झाला. आगगाड्यांच्या कारभारांत निरोपाचा एक जुना नियम आहे. ब्लॉक पद्धतीनें चालणाऱ्या मार्गावर एका स्थानकानें दुसऱ्यास घंटेचे ठराविक ठोके दिले, कीं दुसऱ्यानें तेच ठोके उलट द्यावयाचे. ते परत येईपर्यंत निरोप पोंचला, असें कोणी मानीत नाहीं. निरोप धाडणें आणि तो पोंचणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे पोंच.

आपल्या यंत्रांतही हीच रीत असते. झिग्बी नांवाच्या पद्धतींत यंत्र निरोप धाडून पोंचेची वाट पाहतें, आणि ती न आल्यास सामान्यतः आणखी तीन वेळां तोच निरोप धाडतें. यावरून एक सोपें गणित मांडतां येतें. प्रत्येक प्रयत्न स्वतंत्र धरला आणि दर दहांपैकीं एक निरोप हरवत असला, तर चारही प्रयत्न फसण्याचा संभव दहा हजारांत एक. म्हणजे घरांत कोणास कांहीं कळतही नाहीं. पण निम्मे निरोप हरवूं लागले, कीं तोच संभव सोळांत एक होतो. तात्पर्य, मार्ग हळूहळू बिघडत असतो, दोष मात्र एकाएकीं प्रगट होतो. दिवा लागण्यास उशीर होऊं लागणें, ही बहुधा त्याची पहिली खूण होय.

आतां शोधाकडे वळूं. मोबाईलवर बोट ठेवल्यापासून दिवा लागेपर्यंत निरोप बरेच टप्पे ओलांडतो: मोबाईल, राउटर, नियंत्रक आणि शेवटीं यंत्र. कित्येकदां तर तो राउटरपासून इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या संगणकापर्यंत जाऊन परत येतो. तारायंत्राच्या काळीं लांब तारेंतील बिघाड मधल्या ठाण्यांवरून तपासून शोधीत असत. तसाच हा मार्गही मध्यें तोडून पाहावा. बाहेरचें इंटरनेट थोडा वेळ बंद करून घरांतूनच आज्ञा द्यावी. एरवीं चुकणारें यंत्र आतां चुकेनासें झालें, तर दोष घराबाहेर आहे. तें मुळींच हललें नाहीं, तर त्याचा निरोप बाहेरून फिरून येत होता, असें समजावें. त्यानंतर यंत्र नियंत्रकापासून तीन-चार हातांवर आणून पाहावें. तेथें तें चुकलें नाहीं, तर दोष वाटेंत; तेथेंही चुकलें, तर प्रथम त्याचे सेल बदलावे.

वाटेंतील पहिला अडथळा भिंतींचा. जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास विद्युल्लहरी भिंतींपार धाडून पलीकडची घंटा वाजवून दाखविली. लहरी भिंतींतून जातात हें खरें, पण जातांना क्षीण होतात. आपल्या बहुतेक यंत्रांच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या असतात. मोकळ्या जागेंतही अंतर दुप्पट झालें, कीं त्यांचा जोर एक चतुर्थांश उरतो. विटांची भिंत त्यांना दुबळें करते, लोखंडी कपाट अडवितें आणि पाणी शोषून घेतें. म्हणून टाकीचें यंत्र टाकीच्या आड न ठेवतां नियंत्रकाच्या बाजूस बसवावें. झिग्बींत मधल्या यंत्रांनीं निरोप पुढें देण्याची सोय असते. परंतु हें काम घरच्या विजेवर चालणारीं यंत्रें करतात, सेलवर चालणारीं करीत नाहींत. कोणी काटकसरीनें भिंतीवरचें बटण बंद करून मधला दिवा विझविला, कीं त्याच्या आधारानें बोलणारीं पलीकडचीं यंत्रें मुकीं होतात ! हें कारण सहसा लवकर सुचत नाहीं.

दुसरा अडथळा गर्दीचा. चाळींत खोलीला लागून खोली, आणि प्रत्येकींत वाय-फाय. वाय-फाय, ब्लूटूथ आणि झिग्बी २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यांत बोलतात, व मायक्रोवेव्ह ओव्हनही तेथेंच गोंगाट करतो. वाय-फायचीं १, ६ आणि ११ हीं चॅनेलें एकमेकांवर चढत नाहींत. शेजाऱ्यांनीं तीं वांटून घ्यावीं. झिग्बीचे क्रमांक निराळे असून ते ११ पासून २६ पर्यंत आहेत. त्यांपैकीं २५ वें चॅनेल वाय-फायच्या ११ व्या चॅनेलाच्या पलीकडे पडतें, म्हणून तेथें गोंगाट कमी असतो.

तिसरा अडथळा ओळखीचा. बाल शमुवेलास रात्रीं हाक आली, तेव्हां त्याच्या कानांत दोष नव्हता कीं आवाजांत नव्हता. हाक कोणाची तें न कळल्यामुळें तो तीन वेळां एलीकडे धांवला. यंत्रांचेंही असेंच होतें. राउटर त्यांना जे आंकडी पत्ते देतो ते कधीं कधीं बदलतात, आणि नियंत्रक जुन्याच पत्त्यावर हाका मारीत राहतो. पत्ता कायम करण्याची सोय बहुतेक राउटरांत असते, ती वापरावी. तसेंच अमेरिकेहून आप्तांनीं आणलेलें झेड-वेव्ह पद्धतीचें यंत्र ९०८.४२ मेगाहर्ट्झवर बोलतें, आणि आपल्या देशांतील ८६५.२ वर. अशा दोघांना एका मेजावर ठेवलें तरी संभाषण होणार नाहीं.

या सर्व शोधांत विद्यार्थ्यांनीं एक शिस्त पाळावी. वहींत वेळ लिहून वीस वेळां आज्ञा द्यावी, व किती पाळल्या गेल्या तें मोजावें. मग एकच बदल करून पुन्हां वीस वेळां द्यावी. दोन बदल एकदम केले आणि यंत्र सुधारलें, तर कशानें सुधारलें तें कळत नाहीं, आणि दुखणें उलटलें म्हणजे पुन्हां आरंभापासून शोधावें लागतें.

मौन हें संमतीचें लक्षण मानण्याची आपली चाल आहे. यंत्रांच्या बाबतींत ती घातक होय. टाकीकडून निरोप नाहीं, म्हणून पाणी ठीक आहे असें नियंत्रकानें धरतां कामा नये. टाकीच्या यंत्रानें सांगण्यासारखें कांहीं नसतांही ठराविक वेळानें आपली खबर द्यावी, आणि ती थांबली, कीं नियंत्रकानें पंप बंद करून घरच्यांना सावध करावें. शंका येतांच सिग्नल धोक्यावर ठेवावा, हा आगगाडीचाच नियम येथेंही लागू आहे. उशाशीं ठेवलेलें बटण तर दररोज एकदां दाबून पाहावें. आणि ज्या घंटेवर कोणाचा जीव अवलंबून आहे, तिला शक्य तेथें सरळ तारच जोडावी.