बाटली कुणाची, एवढंच सांग

हातकणंगले,
रविवार, रात्र

चि. सोनूस,


गुरुवारी तुझी आई कुंभोजहून आली. पिशवीतून भाजी काढली, पापड काढले आणि सगळ्यांत शेवटी रुमालात गुंडाळलेली औषधाची बाटली काढली. तुझी बॅग धुवायला घेतली तर आतल्या कप्प्यात सापडली म्हणाली. "दादा, बघ की हे काय आहे. त्याला काही झालंय का?" तू आजारी असशील, एवढीच भीती तिला होती. दुसरं काही तिच्या मनातही आलं नव्हतं. मी चष्मा लावून नाव वाचलं आणि म्हणालो, "काही नाही गं, ताकदीचं औषध आहे." ती निश्चिंत होऊन संध्याकाळच्या एस.टी.नं परत गेली. या एका बाबतीत मी आयुष्यात दोनदा खोटं वागलो. हे दुसरं.

बाटली कुणाची, एवढंच मला सांग.

मी ती आपल्या डॉक्टरांना दाखवली. मेफेंटरमाइन. ऑपरेशनच्या वेळी पाठीत भूल दिली की रोग्याचं ब्लडप्रेशर उतरतं, ते वर आणायला हे इंजेक्शन देतात म्हणाले. म्हणजे टेबलावर निजलेल्या माणसाला, तेही भूलतज्ज्ञ उशाशी उभा असताना. आणि तुम्ही पोरं दोन सेट जास्त निघावेत म्हणून ते एकमेकांना टोचता! छाती धडधडायला लागते, तिलाच तुम्ही जोम समजता. मग सवय लागते आणि त्याच्याशिवाय जिमची पायरी चढवत नाही. असले साठे पकडल्याच्या आपल्याकडच्या बातम्या मी पेपरात वाचायचो आणि 'कुणाची पोरं असतील बिचारी' म्हणून पान उलटायचो. तेव्हा तुझा चेहरा कधी डोळ्यांसमोर आला नाही.

तुझ्या खोलीत सुहास खामकरांचा फोटो आहे. असू दे. आपल्या कोल्हापूरचा माणूस, नऊ वेळा भारत श्री, 2010 मध्ये मिस्टर आशिया. संग्राम चौगुलेही आपलेच, 2012 चे मिस्टर युनिव्हर्स. त्यांच्यासारखं व्हावं असं तुला वाटतं, यात मला कधीच वावगं वाटलं नाही. पण खामकरांचा जन्म 1980 चा. आशियाचं सोनं गळ्यात पडलं तेव्हा ते तिशीला आले होते. तू बावीस वर्षांचा. यंदा स्पर्धेत पहिल्या पाचांत नंबर आला नाही म्हणून तू दोन दिवस जेवला नाहीस, हे मला आईनंच सांगितलं. पोरा, एवढी घाई कशाची?

बंगालचे मनोहर ऐच माहीत आहेत ना? उंची जेमतेम चार फूट अकरा इंच. इंग्रजांनी तुरुंगात टाकलं तर तिथंही व्यायाम सोडला नाही, आणि 1952 मध्ये मिस्टर युनिव्हर्स झाले. शंभरी ओलांडून 2016 मध्ये गेले. आणि दुसरा तो ऑस्ट्रियाचा आंद्रेयास म्युन्झर. त्याच्या अंगावरचा एकेक धागा दिसायचा म्हणून जग त्याच्याकडं बघत राहायचं. 1996 मध्ये त्याचे आतले अवयव एकामागून एक बंद पडले. वय एकतीस. दोघांनी लोखंडच उचललं.

काळीज हाही स्नायूच असतो रे. डॉक्टर म्हणाले, असली इंजेक्शनं आणि गोळ्या वर्षानुवर्षं घेतली की काळजाची भिंतही जाड होत जाते. दंड फुगला की टाळ्या पडतात. काळीज फुगलेलं कुणाला दिसत नाही. तुझ्या आईला तर नाहीच नाही.

आता पहिलं खोटं सांगतो. हे तुझ्या मामीलाही ठाऊक नाही.

मी एकोणीस वर्षांचा होतो, कोल्हापुरात तालमीत राहायचो. तुझे आजोबा उसाच्या बिलातून माझ्या खुराकाचे पैसे आधी बाजूला काढायचे, घर त्यानंतर. गंगावेशीत कट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध प्यायचं, एवढी चैन. पण माझ्या बरोबरीची पोरं भरत होती आणि मी तसाच. परगावच्या एका पैलवानानं गोळ्या दिल्या. तीन महिन्यांत अंग असं भरलं की सुट्टीला घरी आलो तर आजोबांनी सोप्यात पाहुण्यांसमोर माझा शर्ट काढायला लावला. "बघा, दूध-बदामाची कमाई आहे." मी मान खाली घालून उभा राहिलो. गप्प राहिलो. तेच पहिलं खोटं.

पुढं कावीळ झाली, अंग उतरलं, दोन महिने अंथरुणावर होतो. आजोबांना वाटलं, पोराला दृष्ट लागली. ते इथून जोतिबाला अनवाणी चालत गेले. परत आले तेव्हा तुझ्या आईनं त्यांचे पाय गरम पाण्यानं शेकले. मी खाटेवरून बघत होतो. ते गेले तोवर त्यांना खरं सांगायला मला जमलं नाही. कुस्ती सुटली त्याचं दुःख केव्हाच विझलं, सोनू. ते फोड आलेले पाय मात्र अजून दिसतात.

म्हणून विचारतो, बाटली कुणाची? मित्राची असेल तर त्यालाही घेऊन ये. तुझी असेल तर तूच ये. बाहुबलीच्या डोंगरावर ती 28 फुटी मूर्ती आहे ना, लहानपणी तिच्याकडं बघत तू मला तीच गोष्ट पुनःपुन्हा सांगायला लावायचास. मल्लयुद्धात बाहुबलीनं भरताला खांद्यावर उचललं, आणि आपटायच्या ऐवजी खाली ठेवलं. तू दर वेळी विचारायचास, "मामा, आपटलं का नाही?" तेव्हा मला उत्तर द्यायला जमलं नव्हतं. आता वाटतं, हात थांबवायला जी ताकद लागते ती उचलणाऱ्या ताकदीपेक्षा मोठी असते.

मी जास्त बोललो असेन. रागावू नकोस. जिम सोड म्हणत नाही. पुढच्या स्पर्धेला पहिल्या रांगेत बसून मीच तुझ्या नावानं ओरडेन, नंबर येवो न येवो. आधी एकदा डॉक्टरांकडं जाऊ. काय काय घेतलंस ते त्यांना सगळं सांग. काळीज, लिव्हर, ब्लडप्रेशर तपासून घेऊ. पैशाची काळजी तू करू नकोस. तुला सुई टोचताना मी शेजारी बसेन.

पाच वर्षांचा होतास तेव्हा मी जोर मारायला लागलो की धावत येऊन पाठीवर बसायचास आणि आकडे चुकवायचास. अकरा, बारा, वीस. मी तुझेच आकडे खरे धरायचो.

म्हैस व्यालीय. रविवारी ये, मामी खरवस करणार आहे. बाटली माझ्या कपाटात आहे. तुझ्या आईलाही बोलावतो. आधी मी माझं सांगेन, मग तू तुझं सांग.

कितीही उशीर झाला तरी जेवायला थांबतो.

तुझा,
मामा