परदेश प्रवास आणि खिशातील चाकू

आगगाडीच्या लांबच्या प्रवासात फळे कापण्यासाठी पिशवीत लहानसा चाकू असणे आपल्याकडे कोणास गैर वाटत नाही. ऊसतोडणीस निघालेल्या मजुराच्या हाती कोयता असतो, आजोबांच्या चंचीत अडकित्ता असतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा समावेश आहे. त्यातूनही घरगुती व शेतीच्या उपयोगाची हत्यारे वगळली आहेत. हीच सवय घेऊन शिक्षणासाठी ब्रिटनला गेलेला तरुण मात्र नकळत फौजदारी गुन्ह्यास पात्र ठरू शकतो.

इंग्लंड व वेल्स येथे १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टचे कलम १३९ लागू आहे. पाते अथवा तीक्ष्ण टोक असलेली वस्तू सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगणे हाच या कलमान्वये गुन्हा होय. कोणास इजा करण्याचा हेतू होता, हे सिद्ध करण्याची आवश्यकता नाही. अपवाद आहे तो मिटणाऱ्या चाकूचा, आणि त्याची धार ३ इंचांहून (७.६२ सेंटिमीटर) अधिक असता कामा नये. येथे पुष्कळांची फसगत होते. उघडल्यावर पाते अडकून बसणारा, खटका दाबल्याशिवाय न मिटणारा चाकू कितीही लहान असला, तरी तो या अपवादात बसत नाही, असे तेथील न्यायालयांनी ठरविले आहे. बटण दाबताच उघडणारा चाकू तर २०२१ पासून स्वतःच्या घरातही ठेवता येत नाही. कलम १३९ खाली कमाल शिक्षा चार वर्षे कारावासाची आहे.

मग स्वयंपाकाची सुरी विकत घेऊन घरी न्यावी कशी? कायदा ‘सबळ कारण’ मान्य करतो. परंतु ते दाखविण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर असते. कामावर निघालेला आचारी आपल्या सुऱ्या नेऊ शकतो. दुकानातून घेतलेली सुरी वेष्टणासह, पावतीसह थेट घरी नेणाऱ्यासही कारण सांगता येते. शीख बांधवांचे कृपाण धार्मिक कारणास्तव मान्य आहे. याउलट रविवारी सहलीस नेलेली सुरी सोमवारी पिशवीतच राहिली, तर केवळ ‘विसरलो’ हे उत्तर पुरेसे ठरत नाही. ‘रात्री भीती वाटते म्हणून जवळ ठेवतो’ हे उत्तर तर प्रवाशाच्या अंगलटच येते. रस्त्यावर उभ्या असलेल्या स्वतःच्या मोटारीत ठेवलेल्या चाकूसही हाच नियम लागू होतो.

अन्य देशांची मापे निराळी आहेत. जपानमध्ये योग्य कारणाविना ६ सेंटिमीटरहून लांब पात्याचे हत्यार बाळगता येत नाही, आणि त्याहून लहान चाकू लपवून नेल्यासही किरकोळ गुन्ह्यांविषयीच्या कायद्याखाली कारवाई होऊ शकते. जर्मनीत एका हाताने उघडून अडकणारे चाकू, तसेच १२ सेंटिमीटरहून लांब स्थिर पात्याचे चाकू योग्य कारणाविना जवळ बाळगण्यास मनाई आहे.

कारणाचा असा आग्रह आपल्या वाचकांना कदाचित जाचक वाटेल. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खालील मनाई आदेश अनेक अधिकाऱ्यांनी स्वतः अंमलात आणले आहेत. त्या आदेशाच्या मुदतीत चाकूच काय, लाठी बाळगण्यासही बंदी घालता येते. आपल्याकडे ठरावीक दिवसांपुरते जे लागू होते, तसे काहीसे तेथे बारमाही लागू आहे, असे सांगितले म्हणजे परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यास ते चटकन उमगते.

विमानात चाकू हातातील सामानात चालत नाही; तो नोंदवून दिलेल्या सामानातून न्यावा लागतो. मात्र ही मुभा विमानापुरती आहे, विमानतळाबाहेरील रस्त्यापुरती नव्हे, आणि अनेक प्रवासी येथेच चुकतात. कोणास घरचा अडकित्ता न्यावयाचाच असेल, तर तो कापडात घट्ट गुंडाळून नोंदणीच्या सामानात ठेवावा, मुक्कामी पोहोचताच स्वयंपाकघरात काढून ठेवावा आणि पुढे सुपारी तेथेच कातरावी.