पेंग्विनची मराठी

संगणकावर चित्रे काढण्यासाठी ‘टक्स पेंट’ नावाची एक आज्ञावली आहे. बिल केंड्रिक यांनी ती २००२ साली लहान मुलांकरिता सुरू केली. पडद्याच्या एका बाजूस कुंचला, ठसे, खोडरबर अशी साधने मांडलेली असतात आणि तळाशी बसलेला पेंग्विन पक्षी मुलांना सूचना देत असतो. या सूचना मूळच्या इंग्रजी. ज्या मुलाला इंग्रजी वाचता येत नाही, त्याच्या दृष्टीने हा पेंग्विन मुकाच! परंतु ही आज्ञावली मुक्तस्रोत आहे; म्हणजे तिची घडण कोणालाही पाहता येते व बदलता येते. म्हणूनच देशोदेशींच्या लोकांनी या पेंग्विनला आपापली भाषा शिकविली. त्याला आज शंभराहून अधिक भाषा येतात व त्यांत मराठीही आहे.

हे घडते कसे? आज्ञावलीतील सर्व वाक्ये प्रथम एका साच्यात गोळा करतात. नव्या भाषेसाठी त्या साच्याची प्रत काढून तिला भाषेचे संकेतनाम देतात. मराठीचे संकेतनाम ‘एमआर’ असे आहे. प्रत्येक इंग्रजी वाक्याखाली एक रिकामी ओळ असते. तीत भाषांतर लिहावयाचे. ओळ रिकामी राहिली, तर पडद्यावर मूळ इंग्रजी वाक्यच उमटते.

काम वरवर सोपे वाटते. पण ‘राइट’ एवढा एकच शब्द समोर आला, तर तो ‘उजवीकडे’ समजावा की ‘बरोबर’? अशा वेळी शब्दकोश उपयोगी पडत नाही; आज्ञावली उघडून तो शब्द कोठे आला आहे, हे पाहावे लागते. शिवाय मुलांसाठी लिहिताना ‘खोडरबर’ सोडून ‘मार्जक’ लिहिणारा भाषांतरकार पेंग्विनला पुन्हा मुकाच करून ठेवतो.

खरी कसोटी व्याकरणाची. पुष्कळ आज्ञावल्यांच्या वाक्यांत नावाच्या जागी केवळ एक टक्क्याचे चिन्ह असते. प्रत्यक्ष नाव संगणक ऐन वेळी तेथे बसवितो. ‘अमुक पुसले’ हे सांगण्यास इंग्रजीत क्रियापदाचे एकच रूप पुरते. मराठीत मात्र चित्र पुसले जाते, वही पुसली जाते आणि ठसा पुसला जातो. चिन्हाच्या जागी काय येणार, हे भाषांतरकारास ठाऊक नसते. तेव्हा कुशल भाषांतरकार वाक्यच फिरवितो: ‘पुसण्याचे काम झाले’ असे लिहून ते चिन्ह शेवटी ठेवतो. ते चिन्ह मात्र गाळून चालत नाही; गाळले तर नावही दिसत नाही.

वचनांचाही प्रश्न असतो. आपल्या भाषेत संख्येनुसार शब्दाची किती रूपे होतात, हे भाषांतरकाराने आरंभीच नोंदवावयाचे असते. मराठीत दोन: एक चित्र, पाच चित्रे. जपानीत एकच, तर अरबीत सहा! संस्कृतातील द्विवचनाने दमणाऱ्या विद्यार्थ्यांनी अरबी मुलांचा विचार करावा.

सर्व ओळी भरल्यावर ती प्रत संगणकास वाचता येईल अशा रूपात बदलतात आणि आज्ञावली मराठीतून चालवून पाहतात. एखादा लांब शब्द लहानशा खटक्यावर मावत नाही, तर कोठे जोडाक्षर तुटलेले दिसते. दुसऱ्या जाणत्याने तपासल्यावर प्रत आज्ञावलीच्या चालकांकडे धाडतात व पुढील आवृत्तीत तिचा समावेश होतो. पुढे मूळ इंग्रजी वाक्य बदलले, की त्याचे जुने भाषांतर संशयित ठरते आणि कोणी ते दुरुस्त करीपर्यंत त्या जागी पेंग्विन पुन्हा इंग्रजी बोलू लागतो.