पाणवठ्याकाठच्या तीन तुताऱ्या

पोळ्याच्या सुमारास अर्धापूर परिसरातील पाझर तलावांच्या काठी आणि कालव्यांच्या चाऱ्यांमध्ये बुलबुलाच्या आकाराचे, गडद पाठीचे व पांढऱ्या पोटाचे पक्षी चिखलात चोच खुपसताना दिसू लागतात. इसापूर धरणाचे पाणी कालव्यांनी या तालुक्यात येत असल्याने केळीच्या मळ्यांलगतही त्यांना मानवणारी ओल बराच काळ टिकते. हे पाहुणे उत्तरेकडून येतात व उन्हाळ्याच्या आरंभी परततात. पाहणारा त्या सर्वांना सरसकट ‘तुतारी’ म्हणतो. वस्तुतः त्यांत तीन जाती असतात : सामान्य तुतारी, हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी.

हा भेद केवळ हौसेचा नव्हे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दरवर्षी जानेवारीत होते व तीत शिक्षक, विद्यार्थीही भाग घेऊ शकतात. तिन्ही जातींची बेरीज एकाच नावापुढे मांडली, तर त्यांपैकी एक जात तलावावरून नाहीशी झाली तरी कागदावरील संख्या तशीच राहू शकते.

सामान्य तुतारी ओळखणे सर्वांत सोपे. तिच्या छातीचा पांढरा रंग पंखापुढून खांद्याकडे वर चढलेला असतो आणि शेपटीकडील भाग सतत खालीवर हालत असतो. उडताना ती पंख ताठ ठेवून, थरथरत, पाण्यालगतच जाते व पंखांवर पांढरी पट्टी दिसते.

खरी फसगत उरलेल्या दोघींत होते. प्रस्तुत लेखकाने पहिली दोन वर्षे ती निमूटपणे सोसली. दोघींच्याही शेपटीच्या मुळाशी पांढरा रंग असतो. हिरव्या तुतारीत हिरवे म्हणावे ते पायच, तेही मळकट. पाठ जवळजवळ काळी, पंखांची खालची बाजूही काळपट. त्यामुळे उडताना काळ्या पक्ष्यावर पांढरा डाग ठेवल्यासारखा भासतो. डोळ्यावरील पांढरी रेघ डोळ्यापुढेच संपते. ठिपकेवालीत ही रेघ डोळ्यामागे दूरवर जाते, पाठीवर फिकट ठिपके दाट असतात, पाय अधिक लांब व पिवळसर असतात आणि पंखांची खालची बाजू फिकी असते. उजेड कमी असेल तर कानांवर विसंबावे. हिरवी ‘टुईट्-वीट्-वीट्’ असा खणखणीत स्वर काढीत सरळ उंच उठते. ठिपकेवालीचा ‘चिफ्-इफ्-इफ्’ हा आवाज कोरडा असतो.

स्थानावरूनही अंदाज बांधता येतो. हिरवी बहुधा एकटी, अरुंद चारीत वा ओढ्याच्या वळणावर असते. उत्तरेकडील अरण्यात ती झाडावरील दुसऱ्या पक्ष्यांच्या जुन्या घरट्यांत अंडी घालते, हे पाणपक्ष्यांत विरळाच. ठिपकेवालीला उथळ पाण्याने भरलेली शेते व गवताळ दलदल प्रिय. तेथे ती लहान थव्यांनीही आढळते. सामान्य तुतारीला दगडी बांधही चालतो.

येथे ग्रामपंचायतीचा संबंध येतो. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने तलावांतील गाळ निघू लागला; पाणीसाठ्याच्या दृष्टीने ते आवश्यकच आहे. परंतु काठ सर्व बाजूंनी उभा कापला गेला, तर उथळ चिखल राहत नाही व प्रथम ठिपकेवालीची जागा जाते. एका बाजूचा उतार सौम्य ठेवल्यास फार साठा बुडत नाही, असे आमचे मत आहे.

निरीक्षणास सकाळी, सूर्य पाठीशी घेऊन जावे. पक्षी उडेपर्यंत नजर हटवू नये. शेपटीचे मूळ व पंखांची खालची बाजू त्याच क्षणी दिसते. दोन्ही हुकल्या, तर वहीत ‘तुतारी, जात अनिश्चित’ असेच लिहावे.