वाचकांचे प्रश्न : रान तुमचे, पण धंद्याचे पाणी?

प्रश्न : दिंद्रुड शिवारात आमचे साडेतीन एकर रान आहे. एक जुनी विहीर आणि 420 फुटांचा बोअर. कापूस-सोयाबीनवर भागत नाही, म्हणून रानातच 50 शेळ्यांचे शेड, छोटी डाळ मिल आणि पाण्याच्या जारचा प्लांट टाकायचा विचार आहे. गावात म्हणतात, ग्रामपंचायतीची ना हरकत घेतली की झाले. बँकेचे साहेब म्हणतात, आधी एनए आणा. बोअरवाला म्हणतो, रान तुमचे, पाणी तुमचे, विचारतो कोण? नेमके काय करावे?
— एक वाचक, दिंद्रुड, ता. माजलगाव

उत्तर : बोअरवाल्याचे ऐकलेत तर सर्वांत महाग पडेल. तीन धंदे तुम्ही एका दमात सांगितलेत, पण कायद्याच्या नजरेत ते तीन वेगळे धंदे आहेत. रान एकच असले तरी प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते.

शेळ्यांपासून सुरुवात करू, कारण ते सोपे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये ‘शेतावरील इमारत’ अशी व्याख्या आहे. अवजारे, खत, चारा, शेतमाल ठेवण्याची जागा, जनावरांचा निवारा, शेतकऱ्याचे व गड्यांचे राहणे, हे सारे तिच्यात बसते. शेतीला जोडून शेळ्या पाळायच्या आणि त्यांना शेड उभारायचे तर त्यासाठी एनएच्या, म्हणजे अकृषिक परवानगीच्या, मागे धावण्याचे कारण नाही. पाणीही किरकोळ लागते. शेळीमागे दिवसाला आठ लिटर धरा, पन्नास शेळ्यांना 400 लिटर झाले.

डाळ मिल म्हणजे प्रक्रिया उद्योग. इथे संहितेचे कलम 44-अ पाहावे लागते. खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी हे कलम आगाऊ परवानगीतून सूट देते. मात्र जमीन औद्योगिक पट्ट्यात असावी लागते, किंवा शेती पट्ट्यात असून तिथल्या विकास नियमांत तो उद्योग चालत असावा लागतो, किंवा त्या भागाला कोणतीच योजना लागू नसावी लागते. जमिनीचा हक्क निर्वेध हवा, जायला रस्ता हवा. वापर सुरू केल्यापासून 30 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांना विहित नमुन्यात कळवायचे. म्हणजे बँकेचे साहेब कागद मागतात ते बरोबर आहे, फक्त तो कागद ‘एनए आदेश’च असला पाहिजे असे नाही. बीडच्या नगररचना कार्यालयातून गट क्रमांक देऊन झोन दाखला घ्या. तो आणि 44-अ ची पोच असे दोन्ही बँकेपुढे ठेवा. दाखल्यात शेती पट्टा निघाला म्हणून हिरमुसू नका. डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतेक भागांत एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, तिच्यात शेती पट्ट्यातही शेतीपूरक उद्योगांना जागा ठेवलेली आहे.

त्याआधी एक गोष्ट, आणि आपल्या भागात तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. सातबारा उघडा आणि भोगवटादाराचा वर्ग पाहा. बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. मदतमाश, खिदमतमाश, देवस्थान इनाम अशा जमिनी इथे गावोगाव आहेत. पिढ्यान्पिढ्या कसणाऱ्यालासुद्धा आपला गट वर्ग 2 चा आहे हे कर्जाच्या वेळी कळते. जमीन वर्ग 2 ची निघाली तर वर सांगितलेली सवलत विसरा. आधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागेल, बऱ्याचदा नजराणाही भरावा लागेल. ग्रामपंचायतीची ना हरकत यातली कुठलीच अडचण दूर करत नाही. बांधकामापुरता तिचा उपयोग आहे, तेवढ्यापुरती जरूर घ्या.

आता पाणी. बोअरवाल्याच्या बोलण्याला एक जुना आधार आहे. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने, ठरावीक प्रवाहात न वाहणारे आपल्या जमिनीखालचे पाणी काढण्याचा हक्क जमीनमालकाला दिला. पण त्या काळी मोट होती, सबमर्सिबल नव्हती. महाराष्ट्राचा भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम 2009 चा असून तो जून 2014 पासून अंमलात आला. त्यात विहिरींची नोंदणी आहे, पिण्याच्या पाण्याला पहिला मान आहे, आणि 60 मीटरपेक्षा जास्त खोली म्हणजे ‘खोल विहीर’ अशी व्याख्या आहे. 60 मीटर म्हणजे दोनशे फुटांच्या आतच. तुमचा बोअर त्याच्या दुपटीहून खोल आहे, आणि मराठवाड्यात हल्ली दोनशे फुटांवर थांबतो कोण? अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी किंवा उद्योगासाठी अशी नवी खोल विहीर घेता येत नाही. गाव त्यात मोडते का, हे बीडच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात विचारा. पाणलोट सुरक्षित आहे, अंशतः शोषित, शोषित की अतिशोषित, तेही तिथेच कळेल.

जार प्लांटचे सारे भवितव्य ‘अतिशोषित’ या एका शब्दावर आहे. उद्योगासाठी भूजल काढायचे तर केंद्रीय भूजल प्राधिकरणाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. सप्टेंबर 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी शेतीला आणि दिवसाला 10 घनमीटरपेक्षा, म्हणजे 10,000 लिटरपेक्षा कमी पाणी काढणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांना त्यातून सूट दिली. डाळ मिल या मर्यादेत आरामात बसेल. जार प्लांटचा हिशेब मात्र फसवा असतो. 20 लिटरचे 300 जार म्हणजे 6,000 लिटर, असे प्लांटवाला सांगतो. आरओमध्ये निम्मे पाणी वाया गेले तर जमिनीतून 12,000 लिटर उपसले गेलेले असतात. मोजायचा तो उपसा, विक्री नव्हे. शिवाय क्षेत्र अतिशोषित असेल तर नव्या बाटलीबंद पाणी उद्योगाला प्रमाणपत्र मिळतच नाही, उद्योग कितीही लहान असो.

माझे मत विचाराल तर जार प्लांटचा नाद सोडा. आपल्याकडचा काळा पाषाण पाणी धरतो तो मुख्यतः वरच्या मुरमाड थरात आणि फटींत. 400 फुटांवर लागलेली फट उन्हाळ्यात कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि मशिनच्या कर्जाचा हप्ता मात्र एप्रिल-मे पाहत नाही. डाळ मिलला प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान आहे. त्यासाठी कृषी कार्यालयात जा.

विजेचेही पाहा. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला सध्या बिल येत नाही, म्हणून त्याच मोटारीवर धंदा चालवण्याचा मोह होतो. वीज कायदा, 2003 च्या कलम 126 प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो. दुप्पट दराने आकारणी होते, आणि वापर कधीपासून ते ठरवता आले नाही तर मागच्या बारा महिन्यांची. मिलला औद्योगिक जोडणी घ्या. शेळ्यांसाठी ‘कृषी-इतर’ वर्ग मिळतो का, ते महावितरणच्या उपविभागात अर्ज देऊन विचारा.

प्रश्न : शेजाऱ्याने माझ्या विहिरीपासून शंभर फुटांवर बोअर घेतला आणि विहिरीचे पाणी उतरले. दोन विहिरींत 150 मीटर अंतर लागते ना?
— एक वाचक, ता. धारूर

उत्तर : 150 मीटर ही सरकारी अनुदानाच्या विहिरींची अट आहे. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या बोअरला ती लागू नाही. कायद्यातले अंतर 500 मीटरचे आहे आणि ते सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून मोजतात. तुमची विहीर खासगी, म्हणून त्याचाही आधार नाही. गावच्या नळयोजनेची विहीर त्या बोअरपासून 500 मीटरच्या आत असेल तर ग्रामपंचायतीमार्फत तहसीलदारांकडे तक्रार जरूर करा. नसेल तर शेजाऱ्याशी उपशाच्या पाळ्या ठरवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. आणि तुमच्यासह सर्व वाचकांना विनंती, दर ऑक्टोबरला आणि मेमध्ये विहिरीतली पाण्याची पातळी टेपने मोजून तारखेसह वहीत लिहून ठेवा. वाद पुढे गेलाच तर ‘पाणी उतरले’ हे दाखवायला तुमच्याकडे निदान ती नोंद असेल.