पातळ लॅपटॉपचा दम कसा जोखावा?



कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर ऑइल इंजिनांसाठी नावाजलेले. नदीकाठी आणि विहिरींवर उसाला पाणी उपसून देणारी कितीतरी इंजिने या गावात घडली. इंजिन सुरू झाले आणि फटफटू लागले म्हणजे ते चांगले, असे कोणताही जाणता मिस्त्री म्हणणार नाही. मोकळे इंजिन कसेही पळते. त्याची खरी परीक्षा भाराखाली होते. फिरत्या चाकाभोवती दोर आवळून त्याला वजने लावायची, आणि तो भार ओढत इंजिन बराच वेळ एका वेगाने चालते का, अंगाला किती तापते, तेल किती खाते हे पाहायचे. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत या चाचणीला ‘रोप ब्रेक’ चाचणी म्हणतात.

आज आपण अशीच परीक्षा एका वेगळ्या यंत्राची घेणार आहोत. ते यंत्र म्हणजे नवे ग्राफिक्स कार्ड बसवलेला, खेळांसाठी बनवलेला पातळ लॅपटॉप. तुमच्यापैकी काहींच्या घरी बारावीनंतर असा लॅपटॉप घेण्याचा विचार चालला असेल. त्याची किंमत लाखाच्या आसपास जाते. म्हणजे अनेक घरांतील काही महिन्यांची कमाई. दुकानात खोक्यावरचे कार्डाचे नाव दाखवतात, पाच मिनिटे एखादा खेळ चालवून दाखवतात आणि व्यवहार पुरा होतो. ही पाच मिनिटे म्हणजे मोकळे पळणारे इंजिन होय. ते कसे, हे समजून घेऊ.

चित्रे रंगवणारा कारखाना

लॅपटॉपच्या पडद्यावर साधारणतः आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केलात तर २०,७३,६०० ठिपके होतात. खेळात दर सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, म्हणजे सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग ठरवायचा. प्रत्येक ठिपक्यासाठी प्रकाश कोठून आला, सावली कोठे पडली, हे गणित निराळे. मुख्य प्रोसेसरमध्ये थोडेच पण हुशार गणक असतात. ग्राफिक्स कार्डात साधे गणक हजारोंनी असतात आणि ते एकाच वेळी काम करतात. एनव्हिडिया कंपनीने २०२३ साली लॅपटॉपसाठी आणलेल्या आरटीएक्स ४०६० या कार्डात असे ३,०७२ गणक आहेत.

या गणकांतील सूक्ष्म कळा सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करतात. प्रत्येक उघडझापीत थोडा विद्युतभार भरला जातो व रिकामा होतो, आणि त्यात उष्णता निर्माण होते. हे काम करून कार्ड पाणी उपसत नाही की चाक फिरवत नाही. त्यामुळे आत गेलेल्या जवळजवळ सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते. कार्डाने ८० वॅट वीज घेतली, तर ८० वॅट उष्णता बाहेर काढावी लागते.

८० वॅट म्हणजे फार नव्हे, असे वाटेल. पण जागा किती, तेही पाहा. घरातील १,००० वॅटच्या इस्त्रीचा तळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर असतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट. या कार्डातील सिलिकॉनची चकती मात्र जेमतेम १.६ चौरस सेंटिमीटरची. तेथे दर चौरस सेंटिमीटरला ५० वॅट पडतात. इस्त्रीच्या दसपट! शिवाय इस्त्री तापावी म्हणूनच बनवलेली असते. चकती तापता कामा नये.

वेग वाढवण्याची किंमत

चकतीत निर्माण होणाऱ्या उष्णतेचा मुख्य भाग तीन गोष्टींवर ठरतो: विद्युतधारिता, व्होल्टेजचा वर्ग आणि वारंवारता. या तिन्हींचा गुणाकार केला की उष्णतेचा अंदाज येतो. आता वेग २० टक्के वाढवायचा आहे आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्के वाढवावे लागते, असे समजा. मग १.२ × १.१ × १.१ = १.४५. वेग वाढला २० टक्के, उष्णता वाढली ४५ टक्के! उलट वेग २० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के कमी केले, तर ०.८ × ०.९ × ०.९ = ०.६५. म्हणजे पाचवा हिस्सा वेग सोडला, तर उष्णता तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटते.

पातळ लॅपटॉप शक्य झाला तो याच गणितामुळे. कार्डाला कमी वॅटवर चालवायचे, थोडा वेग सोडायचा आणि पुष्कळ उष्णता वाचवायची. युक्ती चांगली आहे, पण ग्राहकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर सांगितलेले आरटीएक्स ४०६० हे कार्ड लॅपटॉप बनवणारा कारखाना ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कोणत्याही मर्यादेत बसवू शकतो. खोक्यावरचे नाव तेच. आतली ताकद निराळी. म्हणून पहिला प्रश्न ‘कार्ड कोणते?’ हा असला, तरी दुसरा प्रश्न ‘किती वॅटचे?’ हा असलाच पाहिजे.

उष्णता बाहेर जाते कशी?

चकतीवर तांब्याच्या चपट्या नळ्या दाबून बसवलेल्या असतात. त्या आतून पोकळ असून त्यांतील हवा काढून थोडेसे पाणी भरलेले असते. गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळताना तुम्ही पाहिला असेल. जाळ जोरात असला तरी रसाचे तापमान बराच वेळ फारसे चढत नाही, कारण उष्णता वाफेबरोबर निघून जाते. हाच अप्रकट उष्मा. लॅपटॉपच्या नळीतही असेच घडते. फक्त तेथे दाब फार कमी असल्याने पाण्याला उकळण्यासाठी शंभर अंशांची वाट पाहावी लागत नाही. दाब वातावरणाच्या आठव्या हिश्श्याइतका असेल, तर पाणी ५० अंश सेल्सियसलाच उकळते. वाफ नळीच्या थंड टोकाकडे धावते, तेथे तिचे पाणी होते आणि ती आपली उष्णता पातळ पत्र्यांना देऊन टाकते. झालेले पाणी नळीच्या आतील जाळीतून, समईच्या वातीत तेल चढते तसे केशाकर्षणाने परत येते. एक ग्रॅम पाण्याची ५० अंशांवर वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता लागते. तेव्हा १०० वॅट वाहून न्यायला २४ सेकंदांत एक ग्रॅम पाण्याची ये-जा पुरते!

यापुढचे काम पंख्याचे. प्रोसेसर आणि कार्ड मिळून १३० वॅट उष्णता आहे आणि बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा २० अंशांनी गरम आहे, असे धरा. एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.१ किलोग्रॅम आणि तिचा विशिष्ट उष्मा किलोग्रॅमला सुमारे १,००० ज्यूल. १३० ला (१.१ × १,००० × २०) ने भागा, उत्तर येते ०.००६ घनमीटर, म्हणजे सेकंदाला सहा लिटर हवा. पंधरा लिटरची बादली अडीच सेकंदांत भरेल एवढी हवा बोटभर जाडीच्या यंत्रातून सतत वाहिली पाहिजे. नदीकाठच्या इंजिनाला थंड करण्यासाठी उपसलेल्या पाण्याचाच एक फाटा त्याच्या अंगातून फिरवता येई. लॅपटॉपला मिळते ती फक्त ही हवा.

हवा अपुरी पडली तर चकतीचे तापमान चढत जाते. ते ठरलेल्या मर्यादेला, साधारणतः ८५ ते ९० अंशांना, पोहोचले की कार्ड स्वतःच हात आखडता घेते आणि वेग कमी करते. पण नळ्या, पत्रे व अंगाचा धातू तापायलाही वेळ लागतो. तोवर यंत्र पूर्ण वेगाने पळते. दुकानातील पाच मिनिटे नेमकी हीच!

आता चाचणी घेऊ

१. लॅपटॉप कठीण, सपाट टेबलावर ठेवा. गादीवर किंवा गोधडीवर ठेवल्यास खालची हवेची भोके बुजतात.

२. विजेला जोडा आणि बॅटरी पूर्ण भरू द्या. ९० वॅट-तासांची बॅटरी १३० वॅटवर पाऊण तासही पुरणार नाही. म्हणून बॅटरीवर असताना बहुतेक लॅपटॉप आपली ताकद उतरवतात.

३. शेजारी साधा तापमापक ठेवून खोलीचे तापमान लिहा. ही नोंद नसेल तर बाकीच्या नोंदी फुकट.

४. दर वेळी तोच भार द्या. ब्लेंडर नावाचा चित्रे घडवणारा मोफत कार्यक्रम मिळतो. त्यातील एकच दृश्य ग्राफिक्स कार्डावर लागोपाठ वीस वेळा तयार करा आणि प्रत्येक वेळचे सेकंद लिहा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये कार्डाचे तापमान दिसते, तेही लिहा.

५. लागणारा वेळ स्थिर झाला की थांबा. मग आलेख काढा.

उदाहरणादाखल समजा, पहिल्या फेरीला ६० सेकंद लागले आणि दहाव्या फेरीनंतर वेळ ७२ सेकंदांवर स्थिरावला. तर टिकाऊ ताकद ६० भागिले ७२, म्हणजे ८३ टक्के. हा आकडा त्या लॅपटॉपचा ‘दम’ समजा. मात्र दोन लॅपटॉप ताडून पाहताना शेवटचे सेकंदही पाहा. मुळातच हळू चालणाऱ्या यंत्राचा दम १०० टक्के भरेल, म्हणून ते श्रेष्ठ ठरत नाही!

वैशाख आणि पौष

खोलीचे तापमान एवढे महत्त्वाचे का? उष्णता तापमानातील फरकामुळे वाहते. चकतीची मर्यादा ८५ अंश आहे आणि मे महिन्यात तुमच्या खोलीत ३५ अंश आहेत; फरक ५० अंश. एवढ्या फरकाला लॅपटॉप १०० वॅट बाहेर टाकतो, असे धरा. पौषातील थंडीत खोली २० अंशांवर आली तर फरक होईल ६५ अंश, आणि तीच यंत्रणा १३० वॅट बाहेर टाकू शकेल. थंड केलेल्या प्रयोगशाळेत घेतलेल्या चाचणीचे आकडे वाचून वैशाखातल्या कोल्हापुरात तीच अपेक्षा ठेवली, तर दोष यंत्राचा नाही. आपल्या हिशेबाचा आहे.

सरासरीला भुलू नका

‘सेकंदाला ६० चित्रे’ या आकड्यातही एक फसवणूक लपलेली असू शकते. एका सेकंदात ५९ चित्रे प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत आली आणि एकाला ११५ मिलिसेकंद लागले, तर बेरीज बरोबर १,००० होते. सरासरी ६० भरली, पण डोळ्याला झटका बसलाच. वर्गाच्या सरासरी गुणांवरून एखादा नापास झालेला मुलगा दिसत नाही, तसेच हे. म्हणून सरासरीबरोबर सर्वांत हळू आलेली चित्रेही मोजावीत.

भिंतीवरचे मीटर, आपले उपकरण

वॅट मोजायला महागडे साधन हवेच असे नाही. घरच्या विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटला किती लुकलुकी, ते मीटरवर छापलेले असते. पुष्कळ मीटरांवर ३,२०० असते. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, तेव्हा एक लुकलुक झाली १,१२५ ज्यूल. घरच्यांच्या परवानगीने फ्रिज, पंखे, दिवे थोडा वेळ बंद करा आणि लॅपटॉपवर भार असताना मिनिटाला किती लुकलुकी होतात ते मोजा. आठ झाल्या तर ८ × १,१२५ ÷ ६० = १५० वॅट. यात पडदा, चार्जर सगळेच आले. पाच-पाच मिनिटे मोजून सरासरी घ्या. सुरुवातीला मिनिटाला दहा होत्या आणि अर्ध्या तासाने आठ झाल्या, तर लॅपटॉप न उघडताच तुम्ही त्याला दमताना पाहिले! मीटर दुरूनच पाहा. त्याला हात लावू नका. लॅपटॉपही उघडू नका, आणि भाराखाली असताना तो मांडीवर घेऊ नका.

मोठ्या यंत्रांनाही हीच अडचण भेडसावते. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक उभारला गेला. त्यात हवेवर न विसंबता द्रव थेट चकत्यांपर्यंत नेऊन त्यांची उष्णता काढून घेतात. नदीकाठच्या इंजिनाचीच ही रीत.

तेव्हा कोणी नव्या लॅपटॉपचे नाव सांगू लागले, तर त्याला तीन प्रश्न विचारा: वॅट किती, अर्ध्या तासानंतर वेग किती, आणि खोलीचे तापमान किती होते? तिन्हींची उत्तरे मिळाली, तरच ती चाचणी.

विचार करा

१. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे आणि पन्हाळा त्याहूनही उंच. तेथे हवा विरळ असते, पण थंडही असते. लॅपटॉपला कोल्हापूर बरे की पन्हाळा?

२. बाहेर पडणारी हवा २० ऐवजी फक्त १० अंशांनीच गरम असेल, तर सेकंदाला किती लिटर हवा लागेल?

३. शाळेतील जुन्या संगणकावर वरील चाचणी घ्या. नंतर शिक्षकांच्या देखरेखीखाली त्याच्या पंख्यावरील धूळ झटकवून पुन्हा घ्या. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा. काय दिसते?