सामायिक कपाट आणि स्वतःची पेटी

घरांतील धान्य, पाणी व भांडीं हीं सर्वांचीं असतात. परंतु प्रत्येकाची एखादी पेटीहि असते, व तिची किल्ली त्याच्याचजवळ असते. हा भेद लहान मुलासहि कळतो. मात्र संगणकांतील फोल्डरांच्या बाबतींत शिकलेसवरलेले लोकहि तो विसरतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस पुढें कचेऱ्यांत व पेढ्यांत काम करावयाचें आहे, आणि कित्येक पालक तें आजच करीत आहेत. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक घडलेली हकीकत सांगतों. एका संस्थेंत आम्ही कांहीं काळ मदतीस जात असूं. तेथील कारकून मोठे कामसू गृहस्थ. दाखले, फीचे हिशेब, पत्रव्यवहार, सर्व त्यांनीं नीट लावून ठेविलें होतें. परंतु तें सर्व त्यांच्या स्वतःच्या खात्यांत. इतरांस तें पाहतां येई, म्हणून तें सर्वांचेंच आहे, असा आमचा समज. ते सेवानिवृत्त झाले व रीतीप्रमाणें त्यांचें खातें काढून टाकण्यांत आलें. दोन महिन्यांनीं एक माजी विद्यार्थी नोकरीसाठीं दाखल्याची नक्कल मागावयास आला. पाहतों तों फोल्डर नाहींसें झालेलें! जुन्या वह्या धुंडाळण्यांत तीन दिवस गेले, आणि तेवढ्यांत त्या मुलाच्या मुलाखतीचा दिवस टळला. दोष कारकुनांचा नव्हता; नियम आम्हां कोणासच ठाऊक नव्हता.

तो नियम गूगल ड्राइव्हच्या उदाहरणानें समजून घेऊं. तेथें ‘माझा ड्राइव्ह’ या भागांत जो फाइल तयार करतो, तोच तिचा मालक. ती दहा जणांस उघडी केली तरी मालक एकच राहतो. दाखविणें म्हणजे देणें नव्हे! खातें काढून टाकतांना फाइली दुसऱ्याच्या नांवें करून न दिल्यास त्या खात्याबरोबर जातात. आणि काढलेलें खातें परत आणण्यास संस्थेच्या प्रशासकास २० दिवसांचीच मुदत असते. हीच अडचण ओळखून संस्थांच्या खात्यांकरितां २०१७ सालीं निराळी सोय करण्यांत आली. तिला आतां ‘शेअर्ड ड्राइव्ह’ म्हणतात. तेथील फाइलींची मालकी संस्थेची असते. माणूस गेला तरी कागद राहतो.

यावरून पुढील गोष्टी ध्यानांत धराव्या.

१. कागद ठेवण्यापूर्वीं स्वतःस विचारावें, “उद्यां आम्ही येथें नसलों तर हा कोणास लागेल काय?” लागणार असेल तर तो सामायिक जागींच ठेवावा. कच्चीं टिपणें व खासगी पत्रें मात्र आपल्याच पेटींत असावीं.

२. ज्याचें जेवढें काम, तेवढाच त्यास अधिकार. शेअर्ड ड्राइव्हमध्यें पाहणारा, टीप देणारा, भर घालणारा व व्यवस्था पाहणारा असे निरनिराळे दर्जे आहेत. भर घालणाऱ्यास लिहितां येतें, पण फाइल काढून टाकतां येत नाहीं. चुकून टाकलेली फाइल कचरापेटींत ३० दिवसच राहते, म्हणून व्यवस्थापक थोडे पण दोन तरी असावे.

३. नांवाच्या आरंभीं तारीख घालावी, व तींत वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवावा. म्हणजे यादी आपोआप कालक्रमानें लागते. ‘अंतिम’, ‘नवें अंतिम’, ‘खरें अंतिम’ अशा नांवांनीं गोंधळच वाढतो.

४. ‘दुवा असलेल्या कोणासहि’ पाहूं देण्याची परवानगी फार जपून द्यावी. मुलांचे पत्ते व आजारपणाचे कागद असे उघडे टाकणें म्हणजे वाटसरूच्या हातीं घराची किल्ली देणें होय.

५. वर्षांतून एकदां यादी तपासावी, आणि सोडून जाणाऱ्याचें खातें बंद होण्यापूर्वीं त्याच्याकडून सर्व कामाचा ताबा घ्यावा.

मित्रहो, हे नियम पाळण्यास फारशी विद्वत्ता लागत नाहीं; मागून येणाऱ्याची आठवण मात्र ठेवावी लागते. आपल्या जागीं उद्यां बसणाऱ्या अनोळखी माणसास कागद न शोधतां सांपडला, तर आपलें काम नीट झालें असें समजावें.